युनियन करायची की नाही: मिळतं काय, द्यावं लागतं काय

कामाच्या ठिकाणी युनियन काढायची कुजबुज सुरू झाली की दोन ठाम मतं लगेच कानावर येतात. एक, युनियन आली की कंपनीला कुलूप लागतं. दुसरं, युनियन नसेल तर कामगाराला कुणी विचारत नाही. दोन्ही बाजूंकडे किश्शांचा भरपूर साठा असतो आणि गंमत म्हणजे ते किस्से बहुधा खरेही असतात. म्हणूनच किश्शांवरून निर्णय घेता येत नाही. युनियन ही यंत्रणा कशाच्या जोरावर चालते आणि चालवणाऱ्यांना किती झिजावं लागतं हे कळलं, तर आपल्या जागेपुरता हिशेब आपला आपल्याला मांडता येतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक लोक पगारवाढ आणि वर्गणी या दोन आकड्यांकडे बघून निर्णय घेतात, आणि या हिशेबात नेमक्या याच दोन गोष्टी त्यामानाने किरकोळ आहेत. मोठा फायदा असतो तो तक्रार सुटण्याच्या पद्धतीत. मोठा खर्च असतो तो माणसांच्या वेळेचा आणि आपसातल्या संबंधांचा.

एकट्याचं अडतं, सगळ्यांवाचून अडतं

मूळ कल्पना साधी आहे. एका माणसाने नोकरी सोडली तर कंपनीचं फारसं काही अडत नाही, त्या माणसाचं मात्र महिन्याच्या एक तारखेला अडतं. त्यामुळे दोघांनी समोरासमोर बसून पगार ठरवला असं कागदावर दिसलं तरी ती वाटाघाट बरोबरीची नसते. सगळे मिळून बोलायला लागले की चित्र बदलतं, कारण सगळ्यांवाचून कंपनीचंही अडतं. या एकत्रित बोलण्याला कायद्याच्या भाषेत सामूहिक वाटाघाट म्हणतात. युनियनचं बाकी सगळं, म्हणजे वर्गणी, निवडणूक, बोर्ड, घोषणा, हे त्या एका कामासाठी उभं केलेलं असतं.

हे एकत्र बोलणं बराच काळ गुन्हा समजलं जायचं. इंग्लंडमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना १८३४ मध्ये संघटनेची गुप्त शपथ घेतली म्हणून सात वर्षांची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियाला धाडलं होतं. ब्रिटनमध्ये युनियनला कायदेशीर दर्जा मिळायला १८७१ साल उजाडावं लागलं. भारतात मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिल्सच्या मालकांनी बी. पी. वाडिया आणि मद्रास लेबर युनियनच्या इतर पुढाऱ्यांना कोर्टात खेचलं. संप करायला लावून आमचं नुकसान केलं, असा दावा होता. त्या प्रकरणानंतर जो रेटा उभा राहिला त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन्स अ‍ॅक्ट आला, आणि नोंदणी झालेल्या युनियनला अशा दाव्यांपासून संरक्षण मिळालं. आता युनियन करण्याचा हक्क १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार याच विषयावर आहेत. भारत आणि अमेरिका या दोघांनीही ते अजून स्वीकारलेले नाहीत, हे जाता जाता लक्षात ठेवावं.

नोंदणी वेगळी, मान्यता वेगळी

नवख्या लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. युनियन स्थापन करणं, तिची सरकारदरबारी नोंदणी करणं आणि कंपनीने तिला मान्यता देणं या तीन अगदी वेगळ्या पायऱ्या आहेत. काहीजण एकत्र आले, नाव ठरवलं, पदाधिकारी निवडले की संघटना झाली. रजिस्ट्रारकडे कागद गेले, शिक्का बसला की नोंदणी झाली. पण कंपनीने तुमच्याशी टेबलावर बसून बोललंच पाहिजे, हे बंधन तिसऱ्या पायरीवर येतं. ती पायरी चढायचे नियम देशागणिक वेगळे आहेत, आणि त्या नियमांवर युनियनचं निम्मं भवितव्य ठरतं.

अमेरिकेत १९३५ च्या कायद्यानुसार साधारण ३० टक्के कामगारांनी सह्या केल्या की निवडणूक मागता येते. गुप्त मतदानात बहुमत मिळालं की ती युनियन त्या गटातल्या सगळ्यांची एकमेव प्रतिनिधी होते. विरोधात मत देणाऱ्यांचीही तीच. भारतात २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला वाटाघाटीचा एकटीचा हक्क दिला आहे. तेवढा पाठिंबा कुणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियन्सची मिळून परिषद बनते. फ्रान्समध्ये चित्र पार उलटं आहे. तिथे युनियनचे सभासद कामगारांपैकी दहाएक टक्के, पण नव्वद टक्क्यांहून अधिक कामगारांना युनियनने केलेले करार लागू होतात, कारण एका उद्योगाचा करार सरकार त्या संपूर्ण उद्योगाला लावू शकतं. स्वीडनमध्ये तर किमान वेतनाचा कायदाच नाही, किमान पगार करारांतून ठरतात. त्यामुळे एका देशातला युनियनचा अनुभव दुसऱ्या देशात जसाच्या तसा लावला की गणित चुकतं. तुमच्याकडे वाटाघाट एकेका कंपनीत होते की संपूर्ण उद्योगाची मिळून होते, हे आधी बघायचं. कंपनीपुरती होत असेल तर ‘आम्ही महाग झालो, शेजारचा स्पर्धक स्वस्त राहिला’ हा मॅनेजमेंटचा मुद्दा खोटा नसतो.

मान्यतेचं महत्त्व किती, हे बघायला मुंबईच्या गिरणी संपाइतकं दुसरं उदाहरण नाही. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे संपावर गेले. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. म्हणजे कामगार एकाच्या मागे आणि करारावर सही करायचा अधिकार दुसऱ्याकडे. सामंतांशी बोलायला मालक कायद्याने बांधील नव्हते आणि ते बोललेही नाहीत. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हजारो नोकऱ्या मात्र कायमच्या गेल्या. गिरण्या बुडायला जुनी यंत्रं होती, यंत्रमागांची स्पर्धा होती, जमिनीचे भाव होते, त्यामुळे सगळं खापर संपावर फोडणं बरोबर नाही. तरीही संख्याबळ प्रचंड असून टेबलावर खुर्ची नसेल तर काय होतं, ते इथे दिसतं. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कारखान्यात हजाराहून अधिक कामगारांनी ३७ दिवस संप केला. त्यातही कळीचा मुद्दा युनियनच्या नोंदणीचा आणि मान्यतेचाच होता. नोंदणी अखेर जानेवारी २०२५ मध्ये झाली.

मान्यता मिळाली म्हणजे करार झाला असंही नाही. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या अ‍ॅमेझॉनच्या गोदामात १ एप्रिल २०२२ रोजी २,६५४ विरुद्ध २,१३१ मतांनी युनियन जिंकली. जगभर बातम्या झाल्या. दोन वर्षं उलटली तरी पहिला करार झालेला नव्हता. अमेरिकेत पहिल्या कराराला सरासरी वर्षाहून जास्त काळ लागतो. या मधल्या काळात उत्साह ओसरतो, निम्मे लोक नोकऱ्या बदलतात, आणि ‘काय झालं तुमच्या युनियनचं?’ हा प्रश्न रोज ऐकावा लागतो.

कारण विचारायचा हक्क

आता फायद्याकडे येऊ. समजा एका कर्मचाऱ्याला शिफ्ट संपताना सुपरवायझरने आणखी तीन तास थांबायला सांगितलं. तो म्हणाला, आज जमणार नाही. दुसऱ्या दिवशी हातात मेमो: ‘आपण वरिष्ठांच्या आदेशाचा अवमान केला आहे, आपल्यावर कारवाई का करू नये याचा ४८ तासांत खुलासा करावा.’

युनियन नसलेल्या जागी काय होतं? तो माणूस रात्रभर जागून माफीवजा खुलासा लिहितो. एचआरकडे तो कागद फायलीत लागतो. वर्षाच्या शेवटी पगारवाढ कमी आली की त्या मेमोमुळे आली की आणखी कशामुळे, हे त्याला कधीच कळत नाही. विचारायची सोय नसते, आणि विचारलंच तर सांगायचं बंधन कुणावर नसतं.

मान्यता असलेली, जागरूक युनियन असेल तर तोच मेमो युनियनच्या प्रतिनिधीकडे जातो. प्रतिनिधी करार उघडतो. ओव्हरटाइम सांगण्याआधी किती तासांची सूचना द्यायची, हे त्यात लिहिलेलं असतं. सूचना दिली होती का? नव्हती. मग खुलासा दोन ओळींचा होतो, बैठकीत कर्मचाऱ्याच्या शेजारी आणखी एक माणूस बसलेला असतो, आणि मेमो मागे घेतला जातो. सूचना दिलेली असेल, तर प्रतिनिधीच बाहेर आल्यावर त्याला सांगतो, ‘बाबा रे, यात आपली बाजू लंगडी आहे, समज घेऊन मोकळा हो.’ ही दुसरी शक्यता लोक विसरतात. चांगला प्रतिनिधी निम्म्या तक्रारी वरपर्यंत नेतच नाही.

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये मांडलेला एक विचार इथे कामाला येतो. एखादी जागा बिघडत चालली की माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणं किंवा बोलणं. नोकरी सोडून जाणारा जाताना खरं कारण सांगतोच असं नाही, त्यामुळे कंपनीला काही कळत नाही. रिचर्ड फ्रीमन आणि जेम्स मेडॉफ या हार्वर्डच्या अभ्यासकांनी पुढे हाच विचार युनियनला लावून दाखवला. युनियन असलेल्या जागी नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण कमी असतं, नुसता पगार जास्त म्हणून नव्हे, तर बोलायला जागा असते म्हणूनही. नवा माणूस शोधा, शिकवा, तोवर काम अडू द्या, हा खर्च वाचतो आणि तो फायदा कंपनीच्या पदरात पडतो. शहाण्या मॅनेजमेंट हे जाणून असतात, फक्त मोठ्याने म्हणत नाहीत.

हा फायदा करारातल्या शब्दांवर अवलंबून असतो. ‘रजा शक्यतो मंजूर केली जाईल’ हे वाक्य ऐकायला बरं आहे, पण त्याचा उपयोग शून्य. ‘अर्ज दिल्यापासून सात दिवसांत लेखी कारण देऊन नाकारली नाही तर रजा मंजूर समजली जाईल’ या वाक्यात तारीख आहे, कागद आहे आणि काहीच न केल्याचा परिणामही लिहिलेला आहे. दोन्ही वाक्यांना टाळ्या सारख्याच पडतात. फरक सहा महिन्यांनी कळतो.

पगाराचं काय?

पगार वाढतो का? साधारणपणे हो. अमेरिकेतल्या अभ्यासांत सारखं काम, सारखा अनुभव असं जुळवून पाहिलं तरी युनियनमधल्यांचा पगार बहुधा १० ते १५ टक्के जास्त निघतो. शिवाय वैद्यकीय विमा, निवृत्तिवेतन यांतही फरक पडतो. मात्र ही सरासरी आहे. जिथे कंपनीच्या हातात पैसा आहे आणि ती वाटून घेत नाही, तिथे युनियन वाटा काढू शकते. जिथे धंदाच तोट्यात आहे तिथे पगारवाढीच्या करारावर सही झाली तरी पगार उशिरा येणं काही चुकत नाही. नसलेला पैसा युनियन आणू शकत नाही.

वाढ सगळ्यांना सारखी मिळत नाही, हेही आधीच बोललेलं बरं. युनियन आली की खालच्या पगारवाल्यांना जास्त फायदा होतो आणि वरचा-खालचा फरक कमी होतो. बहुतेकांना हे न्याय्य वाटतं. पण ज्याच्या हातात दुर्मीळ कसब आहे, जो एकट्याच्या बळावर साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन तीस टक्के वाढ घेऊन येतो, त्याला यात तोटा दिसू शकतो. तसं तो म्हणाला की त्याला लगेच मालकाचा माणूस ठरवू नये. त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबरच असतो. त्याला तुमच्याकडे ओढायचं असेल तर पगाराचं बोलून उपयोग नाही. त्याच्या कामाचं श्रेय, बदली, नोकरीवरून काढण्याची पद्धत यांवर बोलावं लागेल.

सेवाज्येष्ठतेचंही असंच. बढती आणि कपात या दोन्हींत ज्येष्ठता लावली की साहेबाची मर्जी, चमचेगिरी यांना आळा बसतो. पण मग दोन वर्षांत उत्तम काम शिकलेली मुलगी वीस वर्षं खुर्ची उबवणाऱ्याच्या मागे राहते. ज्येष्ठता आणि कौशल्य यांची सांगड घालणारे करार असतात, फक्त ते लिहायला कष्ट पडतात, आणि पहिल्या करारात एवढी सवड कुणाला नसते.

संपाचं गणित

युनियन म्हटलं की डोळ्यांपुढे संप येतो. प्रत्यक्षात चालत्या युनियनमध्ये वर्षानुवर्षं संप होत नाही. संप करता येईल ही शक्यता मात्र सतत टेबलावर असते, आणि वाटाघाटीला वजन तिच्यामुळेच येतं. करायची वेळ आलीच तर आधी साधा गुणाकार-भागाकार करावा.

महिनाभर संप म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा गेला, साधारण ८.३ टक्के. मॅनेजमेंट जे देत होती त्याहून ३ टक्के जास्त वाढ संपामुळे मिळाली, असं धरू. तर गेलेला पगार भरून यायला जवळपास तीन वर्षं लागतात. त्या ३ टक्क्यांतून १ टक्का वर्गणी वजा केली तर चार वर्षांच्या वर. दुसरीकडे, ही ३ टक्के मूळ पगारात बसली तर पुढची प्रत्येक वाढ त्यावर मोजली जाते. म्हणजे ज्याच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत त्याला हा संप तोट्यात जातो आणि ज्याची पंचवीस वर्षं बाकी आहेत त्याला फायद्यात. एकाच सभेत दोन शेजारी वेगळी मतं का देतात, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

पगार सोडून इतर धोकेही बघायला हवेत. अमेरिकेत १९३८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पगारासाठी संप करणाऱ्यांच्या जागी कंपनी कायमची दुसरी माणसं घेऊ शकते. तिथल्याच हवाई वाहतूक नियंत्रकांनी ऑगस्ट १९८१ मध्ये संप केला. सरकारी नोकरांना संपाची बंदी होती. अध्यक्ष रीगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ११ हजारांहून अधिक जणांना काढून टाकलं. ती युनियन संपलीच. भारतातही संपाआधी नोटीस द्यावी लागते, नोटिशीनंतर १४ दिवस थांबावं लागतं, समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही, आणि नव्या संहितेत निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एकदम किरकोळ रजा टाकली तर तोही संपच समजला जातो. नियमबाह्य संपाची किंमत वेगळी आणि जबर असते. म्हणून जाणते लोक आधी काळ्या फिती, गेट मीटिंग, नियमानुसार काम अशा पायऱ्या वापरतात. नियमानुसार काम हे तर फार बोलकं हत्यार आहे: पुस्तकात लिहिलंय तेवढंच आणि तसंच करायचं. एरवी लोक आपल्या अंगावर किती जास्तीचं घेत असतात, ते मग दोन दिवसांत सगळ्यांना दिसतं.

खर्च कुठे होतो

वर्गणी हा खर्चाचा दिसणारा भाग, आणि बहुतेक वेळा सगळ्यात छोटा. न दिसणारा भाग म्हणजे माणसांची संध्याकाळ. कुणीतरी शिफ्ट संपल्यावर दोन तास थांबून मेमोची उत्तरं लिहायला हवीत. कुणीतरी वर्गणीचा हिशेब ठेवायला हवा. कोर्टाच्या तारखेला कुणीतरी बिनपगारी रजा टाकून जायला हवं. दर जागी हे काम चार-पाच माणसांच्याच गळ्यात पडतं. ती थकली, की युनियन कागदावर उरते किंवा जो तिच्यात स्वतःचा फायदा बघतो त्याच्या हातात जाते. पहिल्या उत्साहात नेता कोण होणार यावर वाद घालायला लोक उत्सुक असतात, चिटणीस कोण होणार यावर गप्प बसतात. माझ्या मते चिटणीस मिळत नसेल तर थांबलेलं बरं.

अर्थतज्ज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये दाखवलेली अडचणही इथलीच. करार झाला की त्याचा लाभ बहुधा सगळ्यांनाच मिळतो, वर्गणी न भरणाऱ्यालाही. मग वर्गणी भरायची कशाला? असा विचार सगळ्यांनी केला तर युनियनच उरत नाही. काही देशांत सभासद नसलेल्यांकडूनही वाटाघाटीच्या खर्चापुरती रक्कम घेतात, काही ठिकाणी कायद्यानेच त्याला बंदी आहे. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड या देशांत बेकारी भत्त्याचे फंड युनियनशी जोडलेले आहेत, आणि तिथे सभासद भरपूर असण्याचं ते एक मोठं कारण मानलं जातं. नुसत्या नीतीच्या गप्पांनी हा प्रश्न कुठेच सुटलेला नाही.

आपसातली फूट हा आणखी एक खर्च. युनियनच्या बाजूचे आणि विरोधातले एकाच टेबलावर जेवत असतात, ते जेवेनासे होतात. दोन युनियन झाल्या तर वाटाघाटीपेक्षा एकमेकींचे सभासद पळवण्यात जास्त वेळ जातो. बाहेरच्या पक्षाशी किंवा महासंघाशी जोडून घेतलं तर वकील, अनुभव, ओळखी मिळतात. सोबत त्यांचं राजकारणही येतं, आणि तुमच्या गेटवरचा प्रश्न कधीकधी त्यांच्या मोठ्या डावातलं प्यादं होतो.

सगळ्यात अवघड गोष्ट राहिलीच: आत कोण आणि बाहेर कोण. कायम कामगारांची युनियन चांगला करार करते, कंपनी त्यानंतर नवी भरती कंत्राटी करते. एकाच यंत्रावर दोन माणसं, एकाचा पगार दुसऱ्याच्या दुप्पट. दहा वर्षांनी कायम कामगार थोडे उरतात आणि युनियनचं बळ गेलेलं असतं. कंत्राटी लोकांना पहिल्या दिवसापासून हिशेबात न धरणाऱ्या युनियन स्वतःच्या मुळावर येतात, असं माझं स्पष्ट मत आहे. कायद्यात ते अवघड आहे, पण मागणीपत्रात त्यांचं कलम घालायला कुणी अडवत नाही.

मॅनेजमेंटचा डाव ओळखावा

कंपनीची पहिली प्रतिक्रिया बहुधा गोड असते. अचानक सूचनापेटी येते, मोठे साहेब विचारपूस करतात, रखडलेली पगारवाढ जाहीर होते. हे सगळं घ्यावं. पण युनियनचं नुसतं नाव काढल्यावर एवढं मिळालं, याची नोंदही मनात ठेवावी. दुसऱ्या टप्प्यात पुढाकार घेणाऱ्यांच्या बदल्या किंवा बढत्या होतात. बढती हा जुना आणि कायदेशीर उपाय: माणूस मॅनेजर झाला की बऱ्याच कायद्यांत कामगार या व्याख्येतून बाहेर पडतो. इथे एक गोष्ट लक्षात असू द्या, नुसत्या पदनामाने असं होत नाही. कोर्टं प्रत्यक्ष काम काय ते बघतात. कार्डावर मॅनेजर छापलं, पण हाताखाली कुणी नाही आणि रजा मंजूर करायचाही अधिकार नाही, तर तो माणूस कायद्याने कामगार असू शकतो.

युनियन केली म्हणून कामावरून काढणं भारतात अनुचित कामगार प्रथा आहे, अमेरिकेतही बेकायदा आहे. तिथे तर युनियन नसतानाही दोघांनी मिळून पगाराबद्दल विचारणा केली तरी कायदा पाठीशी उभा राहतो. पण हक्क असणं आणि तो वेळेत मिळणं यांत वर्षांचं अंतर पडतं. अमेरिकेत निकाल बाजूने लागला तरी परत नोकरी आणि बुडालेला पगार मिळतो, त्यातूनही मधल्या काळात दुसरीकडे कमावलेलं वजा होतं. म्हणून पुढे होणाऱ्याच्या घरी सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का, हा प्रश्न लाजेखातर टाळू नये. कंपनीच्या ईमेलवरून आणि कंपनीच्या लॅपटॉपवरून युनियनचं काही करू नये, हे सांगायची खरं तर गरज नसावी, तरी सांगतो.

युनियनशिवाय दुसरा मार्ग नाही असंही नाही. जर्मनीत पाच किंवा जास्त कर्मचारी असलेल्या जागी कर्मचारी स्वतःची परिषद निवडू शकतात, आणि ती युनियनपासून वेगळी असते. पगाराचा करार युनियन करते. कामाच्या वेळा, ओव्हरटाइम, नोकरीवरून काढणं यांत परिषदेला अधिकार असतो. दोन हजारांवर कर्मचारी असलेल्या कंपन्यांत १९७६ पासून देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कर्मचाऱ्यांकडे आहेत. बाकी ठिकाणी कंपनीच स्थापन करते त्या कल्याण समित्या असतात. पंखे, पाणी, बसच्या वेळा एवढ्या बाबतीत त्या चांगलं काम करतात. पगार आणि नोकरीचा विषय निघाला की त्यांची ताकद संपते, कारण त्यांना नाही म्हणण्याचा अधिकार नसतो.

आपल्या जागेचा हिशेब

मग ठरवायचं कसं? आधी दुखणं कागदावर लिहावं, आणि ते एका माणसाचं आहे, एका साहेबामुळे आहे की सगळीकडचं आहे, हे बघावं. एकच सुपरवायझर त्रास देत असेल तर त्यासाठी युनियन उभी करणं फार महागात पडतं. सगळ्यांच्या सह्यांचं एक पत्र पुष्कळदा पुरतं. पगार, शिफ्ट, सुरक्षितता, मनमानी बडतर्फी अशा गोष्टी सगळ्यांना लागत असतील आणि पत्रं लिहूनही काही हललं नसेल, तर पारडं युनियनकडे झुकतं. लोक दीड-दोन वर्षांत नोकरी बदलत असतील तर उलट दिशेला, कारण करार होईपर्यंत तो मागणारेच निघून गेलेले असतात.

मग माणसं मोजावीत, आणि मोजताना सढळ हाताने नव्हे, कंजुषीने मोजावीत. ‘बघू’, ‘सगळे आले तर मीही’ असं म्हणणारे शून्यात धरायचे. नाव लिहून सही करणारेच एक. सगळे एकाच विभागातले, एकाच भाषेचे किंवा एकाच वयाचे निघाले तर अजून वेळ आलेली नाही. काठावरच्या बहुमतावर जाणारे मॅनेजमेंटचा पहिला दबाव आला की काठाखाली जातात.

बाहेरच्या एखाद्या महासंघाशी जोडून घ्यायचा विचार असेल, तर त्यांच्या पुढाऱ्याचं भाषण ऐकायच्या आधी दोन कागद मागावेत: त्यांनी दुसऱ्या एखाद्या कंपनीत केलेल्या शेवटच्या कराराची प्रत, आणि मागच्या वर्षीचे तपासलेले हिशेब. करारात सरळ तक्रार निवारणाच्या कलमावर जावं आणि त्यात दिवसांचे आकडे आहेत का ते बघावं. मग त्या कंपनीतल्या एखाद्या साध्या सभासदाला, पदाधिकाऱ्याला नव्हे, गाठून विचारावं की गेल्या वर्षभरात त्याच्या विभागातल्या किती मेमोंना उत्तर गेलं आणि ते लिहायला कोण बसलं होतं.